४५ बॉक्स, १७ ताव आणि कमी पडलेला गिफ्ट पेपर: पृष्ठफळाचं गणित कुठे चुकलं?

निशिगंध (शुक्रवार, रात्री ९.४०)
नमस्कार मंडळी, जरा घाईतच धागा काढतेय. परवा रविवारी सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे साताऱ्याला, येणाऱ्या प्रत्येक घराला एक सोलापुरी टॉवेलचा सेट द्यायचा ठरलाय, एकूण ४५ बॉक्स. बॉक्स सगळे एकसारखे, २४ सेमी लांब, १६ रुंद, ६ उंच. गिफ्ट पेपरची जबाबदारी माझ्याकडे होती. दुकानात उभं राहून मोबाईलवर हिशोब केला, शाळेत शिकलेलं सूत्र अजून पाठ आहे, इष्टिकाचितीचं एकूण पृष्ठफळ = २ × (लांबी × रुंदी + रुंदी × उंची + लांबी × उंची). म्हणजे २ × (३८४ + ९६ + १४४) = १२४८ चौसेमी. कागदाचा ताव ५० बाय ७० चा, म्हणजे ३५०० चौसेमी. ४५ बॉक्सचे झाले ५६१६०, त्याला ३५०० ने भागलं तर १६.०५ आलं, म्हणून १७ ताव घेतले आणि वाटलं की जवळजवळ एक ताव जास्तीचाच घेतलाय.

आज संध्याकाळी जाऊबाई आणि मी बसलो पॅकिंगला. त्यांनी प्रत्येक बॉक्सला ४६ बाय ३२ चा तुकडा बेतून कापला आणि १७ ताव संपले तेव्हा ३४ बॉक्स झालेले, ११ बॉक्स उघडे. परत दुकानात पळाले तर त्या डिझाईनचा एकही ताव शिल्लक नाही.

११ बॉक्सचं काय करायचं ते सुचवाच, पण मला आधी हे कळायला हवंय की चुकलं कुठे. गुणाकार तीनदा तपासलाय, बरोबर आहे. सूत्र बरोबर आहे. मग एक तृतीयांश कागद गेला कुठे?

चाफेकळी (९.५२)
ताई, काळजी करू नका, होतं असं. मी तर सूत्राच्या वाटेला जातच नाही, बॉक्सभोवती दोरा गुंडाळते, दोन बोटं जास्त धरून कापते आणि तो दोराच तावावर ठेवून बघते, एका तावात किती तुकडे बसतात ते तिथल्या तिथे दिसतं. दुकानात जाताना एक बॉक्स पिशवीत घालून न्यायचा, बाकी काही लागत नाही.

शून्यशेष (१०.०५)
निशिगंध, गुणाकार बरोबर, भागाकार चुकीच्या गोष्टीला केलात. ३५०० ला १२४८ ने भागलं तर २.८ येतात. पण २.८ बॉक्स म्हणजे काय, दोन पूर्ण बॉक्स आणि तिसऱ्याचा बराचसा भाग. तो उरलेला ०.८ चा कागद पुढच्या तावाच्या तुकड्याला जोडून तिसरा बॉक्स करणार असाल तरच तुमचा हिशोब खरा ठरतो, आणि जोड दिलेला गिफ्ट पेपर कोण देतं हो पाहुण्यांना. तेव्हा आधी एका तावात पूर्ण तुकडे किती बसतात ते बघायचं, मग ४५ ला त्या आकड्याने भागायचं. तुमच्या तावात दोनच बसतात. ४५ भागिले २, म्हणजे २३ ताव. सहा ताव कमी आणले गेले.

तीन बसवायचा प्रयत्नही करू नका, ३ × १२४८ = ३७४४, तावच मुळी ३५०० चा आहे.

निशिगंध (१०.१८)
अरे हो! ११ बॉक्सना सहा ताव, अगदी बरोबर. जाऊबाई कापताना म्हणाल्याच होत्या की हा हिशोब आतबट्ट्याचा दिसतोय.
पण शून्यशेष, अजून एक अडतंय. दोन बॉक्सचं पृष्ठफळ २४९६. तावात १००४ चौसेमी उरायला हवा. माझ्या हातात प्रत्येक तावामागे उरलीय ६ सेमीची एक लांब पट्टी आणि कडेची ४ सेमीची पट्टी, दोन्ही मिळून ५५६. मग मधले ४४८?

जुना_मास्तर (१०.४४)
ताई, फार चांगला प्रश्न विचारलात. तीस वर्षं आठवी-नववीला 'पृष्ठफळ व घनफळ' हा धडा शिकवला, आणि मुलांना हेच सांगत आलो की सूत्र वस्तूचं माप सांगतं, कागदाचं नाही. मधले ४४८ बॉक्सच्या आतच आहेत, दुहेरी पडलेत.

एक बॉक्स डोळ्यासमोर आणा. कागद बॉक्सच्या पोटाभोवती गुंडाळला, म्हणजे वरचा भाग, खालचा भाग आणि दोन लांब बाजू झाकल्या. त्यासाठी कागदाची एक बाजू लागली २ × (१६ + ६) = ४४. आता राहिली दोन टोकं, १६ बाय ६ ची. त्यासाठी कागद दोन्हीकडे बाहेर ठेवायचा, किती? वरून येणारी पाकळी अर्धी उंची झाकते, खालून येणारी उरलेली अर्धी, म्हणजे प्रत्येक टोकाला ३ सेमी पुरतात. दुसरी बाजू झाली २४ + ३ + ३ = ३०. म्हणजे काटेकोर, एक मिलिमीटरही एकावर एक न चढवता लागणारा ताव ४४ × ३० = १३२०. आणि पृष्ठफळ १२४८. फरक ७२.

हे ७२ म्हणजे काय? टोक बंद करताना आपण आधी डावी-उजवीकडचे कागद आत दुमडतो, मग वरची-खालची पाकळी त्यावर घेतो. ते आधी दुमडलेले तुकडे, त्यांना आम्ही वर्गात 'कान' म्हणायचो, ते पाकळ्यांखाली लपतात. प्रत्येक कान ६ बाय ३, एका टोकाला दोन, दोन टोकांना चार. ४ × १८ = ७२.

उंचीला 'उ' म्हटलं तर प्रत्येक कान उ गुणिले उ/२, चार कानांचे २उ². म्हणून नेहमीच्या पद्धतीने गुंडाळायला लागणारा कागद = पृष्ठफळ + २उ². यात लांबी-रुंदी कुठेच नाही हे लक्षात घ्या. बॉक्स कितीही लांबरुंद असो, वाया जाणारा कागद फक्त उंचीच्या वर्गावर ठरतो.

तुमच्या जाऊबाईंनी ४६ बाय ३२ घेतला, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन सेमी चढवायला ठेवले. ते १५२ झाले. ७२ + १५२ = २२४, दोन बॉक्सचे ४४८. तुमचा एकही सेंटीमीटर हरवलेला नाही.

खाकीकव्हर (१०.५८)
मास्तर, वा. इतकी वर्षं बॉक्स गुंडाळतोय, कान दुमडतोय, पण त्यांचं माप कधी घेतलं नव्हतं.
आमचं स्टेशनरीचं दुकान आहे म्हणून थोडं. लोक हमखास बॉक्स चुकीच्या बाजूवर ठेवतात. हाच २४ × १६ × ६ चा बॉक्स कडेवर उभा धरला आणि गुंडाळला, म्हणजे उंची १६ झाली, तर कागद लागतो ४४ × ४०, म्हणजे १७६०, आणि तावात एकच तुकडा बसतो. टोकाला मोठ्ठे कान येतात, कागद फुगतो, सेलोटेप निघून येते आणि गिऱ्हाईक म्हणतं कागद जाड दिला. बॉक्स नेहमी सगळ्यात मोठ्या बाजूवर आडवा झोपवायचा, सगळ्यात लहान माप उंची झालं पाहिजे.

आणि माप झाकण लावून घ्यायचं. झाकण खालच्या डब्यापेक्षा दोनतीन मिलिमीटर मोठं असतं, डबा मोजून कागद कापला की शेवटची कड नेमकी पोचत नाही.

रानवारा (११.०६)
माझ्या बॉक्सवर मापं इंचात आहेत, ताव सेमीत. मी सोपं म्हणून १२४८ ला २.५४ ने भागून चौरस इंच काढले, ४९१ आले. बरोबर ना?

शून्यशेष (११.१०)
नाही, रानवारा. २.५४ लांबीसाठी. क्षेत्रफळाला दोनदा भागावं लागतं, म्हणजे ६.४५ ने. १२४८ चौसेमी म्हणजे साधारण १९३ चौरस इंच. ४९१ धरलंत तर अडीच पट कागद आणाल. त्यापेक्षा आधी लांबी, रुंदी, उंची तिन्ही सेमीत करून घ्या, मग गुणाकार करा.

टाचणी (११.३१)
कागदाचं चाललंय पण मला आईची पार्सलं आठवली. भाऊ फौजेत होता, दिवाळीला फराळाचं पार्सल जायचं, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपालातून. पत्र्याचा डबा खोक्यात, खोकं मांजरपाटात शिवलेलं. आई कधी शाळेत भूमिती शिकली नव्हती पण पार्सलचं कापड तिचं कधी कमी पडलं नाही. ती खोकं कापडावर आडवं ठेवायची, एकदा पूर्ण लोळवायची, जिथे पुन्हा तोच तळ टेकला तिथे खडूने खूण, आणि पुढे दोन बोटं माया. दुसऱ्या दिशेला खोक्याची लांबी, अधिक उंचीएवढं कापड, अधिक माया. मास्तरांनी वर जे लिहिलंय तेच की हे!

आज आकडे घालून बघितले. खोकं ४० × ३० × २० असेल तर पोटाभोवती १००, आणि ४० + २० = ६०. शिवणीला चारी बाजूंनी अडीच सेमी माया धरली तर १०५ × ६५. मांजरपाटाचा पन्हा ९० असला तर ६५ आडवं बसतं आणि सव्वा मीटर कापड पुरून उरतं. नुसत्या पृष्ठफळावर गेलं असतं तर ५२०० ला ९० ने भागून ५८ सेमी आले असते, म्हणजे पोटाभोवतीसुद्धा पुरलं नसतं.

कापडात एक फरक आहे मात्र. कान आत ठेवले तर कोपऱ्याला चार पदरी जाड होतं, दाभण जात नाही. म्हणून आई माया ठेवून कान कापून टाकायची, आणि त्या चार चिंध्यांतलीच एक चकल्यांच्या डब्याच्या तोंडावर बांधायची. मग धावदोरा, आणि शिवणीवर लाखेचे ठिपके. लाख वितळल्याचा वास आला की आम्हाला कळायचं दादाचं पार्सल निघालं.

चाफेकळी (११.३८)
टाचणीताई, डोळ्यात पाणी आलं. लोळवून खूण करायची पद्धत मी उद्याच करून बघणार.

उगवतीकडे (शनिवार, सकाळी ६.१५)
टोकियोहून. इथल्या मोठ्या दुकानांत बॉक्स तिरका ठेवून गुंडाळतात, कागदाचा कोपरा आपल्याकडे, बॉक्स कागदावर तिरपा, आणि दोनतीन घड्यांत काम होतं. शेवटी एकच टेपचा तुकडा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काउंटरवर उभा राहून नुसता बघत राहिलो, हात इतके भराभर चालतात. मला वाटतं यात कागदही कमी लागत असणार, कारण टेप कमी लागते. निशिगंध यांनी करून बघायला हरकत नाही.

जुना_मास्तर (सकाळी ७.५०)
उगवतीकडे, तुमच्या पोस्टमुळे सकाळचा चहा थंड झाला, कागद-पेन्सिल घेऊन बसलो.
आयताकृती बॉक्सचं तिरकं गणित किचकट आहे, म्हणून चौकोनी मिठाईचा बॉक्स घेतो, १८ × १८ × ५. चौरस ताव घ्यायचा आणि बॉक्स मधोमध असा ठेवायचा की तावाचे चार कोपरे बॉक्सच्या चार बाजूंसमोर येतील. आता एक कोपरा वर घ्या. तो बॉक्सच्या मध्यापासून निघून ९ सेमी तळ, मग ५ सेमी बाजू, मग वरून परत मध्यापर्यंत ९ सेमी, म्हणजे २३ सेमी जायला हवा. चारही कोपरे वर मध्यभागी भेटतात आणि बॉक्स पूर्ण झाकतो. मध्यापासून कोपरा २३, म्हणजे तावाचा कर्ण ४६, म्हणजे तावाची बाजू ३२.५ च्या आसपास. क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या निम्मं, ४६ × ४६ / २ = १०५८.

आता हाच बॉक्स आपल्या नेहमीच्या पद्धतीने: २ × (१८ + ५) = ४६, आणि १८ + ५ = २३. ४६ × २३ = १०५८.
अगदी तेवढाच! मी दोनदा तपासलं. पृष्ठफळ १००८, फरक दोन्हीकडे ५०, म्हणजे पुन्हा २उ². तिरक्यात चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या पडतात, प्रत्येकी ५ × ५ च्या निम्म्या, साडेबारा. चार मिळून ५०. कानांचा आकार बदलला, क्षेत्रफळ तेच राहिलं.

तेव्हा तिरक्या पद्धतीत टेप वाचते, वेळ वाचतो, पण चौकोनी बॉक्सला कागद वाचत नाही. इतक्या वर्षांत हे कधी लक्षात आलं नव्हतं, तुमचे मनापासून आभार.

उगवतीकडे (सकाळी ८.०२)
मास्तर, तुम्हाला नमस्कार. माझा अंदाज चुकला त्याचं काही नाही, हे उत्तर त्याहून सुंदर आहे. ३२.५ ऐवजी ३४ चा ताव घेतला तर कोपरे एकमेकांवर नीट चढतील ना?

जुना_मास्तर (सकाळी ८.१०)
चढतील, मध्यावर एकेक सेमी पुढे येतील. ५० × ७० च्या तावात ३४ चे दोन चौरस बसतात. नेहमीच्या पद्धतीचे ४८ × २५ चेही दोनच बसतात.

निशिगंध (सकाळी ९.२५)
सुप्रभात सगळ्यांना. रात्री मास्तरांची पोस्ट लेकीला वाचून दाखवली, ती नववीत आहे. सकाळी उठल्याउठल्या तिने जुन्या वर्तमानपत्रातून बरोबर ४४ × ३० चा कागद कापला, न चढवता, आणि मधोमध बॉक्स ठेवून गुंडाळायला घेतला. पोटावर कडेला कड अशी भिडली की मधून बॉक्सचं पांढरं पुठ्ठं केसाएवढं दिसत होतं. मग टोकांचे कान दुमडले, वरची-खालची पाकळी घेतली, त्याही मधोमध भिडल्या. मग कागद परत उघडून तिने कात्रीने चारही कान कापले आणि ओट्यावर एकाशेजारी एक मांडले. सहा बाय तीनचे चार तुकडे, शेजारीशेजारी ठेवल्यावर १२ × ६ चा एक आयत झाला. ती म्हणाली, आई हे बघ बहात्तर. उरलेल्या कागदाने परत बॉक्स झाकून बघितला, सहाही बाजू झाकल्या. मला तो कागद टाकवेना, कपाटात ठेवलाय.

ती आता विचारतेय की हे पुस्तकात का नाही.

जुना_मास्तर (सकाळी ९.४०)
तिला सांगा, घडण, म्हणजे बॉक्स उलगडून सपाट केल्यावर दिसणारा आकार, काढायला शिकवतात तेव्हा अर्धं काम होतं. सहा आयत जोडून काढलेली घडण पृष्ठफळाएवढीच असते, तिला कान नसतात, पण ती अधिकच्या चिन्हासारखी वेडीवाकडी असते आणि दुकानात ताव मिळतात ते सरळ चौकोनी. घडण चौकोनी तावात बसवताना काय काय जास्त लागतं, तोच तुमच्या आईचा कालचा प्रश्न. शाब्बास म्हणतो म्हणून सांगा.

खाकीकव्हर (सकाळी १०.०५)
ताई, पुढच्या वेळेसाठी एक लक्षात असू द्या. तुमच्या कागदावर डिझाईन कसलं आहे? गोल ठिपके, वेलबुट्टी असेल तर ताव कसाही फिरवता येतो. पण कोयऱ्या किंवा मोर असतील आणि ते सरळ उभेच दिसायला हवेत, तर हिशोब पार बदलतो. तुमच्या मापात दोन तुकडे बसतात ते बॉक्सची लांबी तावाच्या ७० च्या दिशेला गेली तरच. मोर ७० च्या दिशेला उभे छापलेले असले तर ते बॉक्सवर आडवे झोपतील. ते सरळ करायला तुकडा फिरवला, ३२ तावाच्या ५० कडे आणि ४६ ७० कडे, की तावात एकच बसतो. ४५ बॉक्सना ४५ ताव. लग्नाच्या सीझनला हे सांगून सांगून आमचा घसा बसतो, तरी लोक मोरांचाच कागद पसंत करतात, आणि दिसतोही तो सुंदर.

निशिगंध (सकाळी १०.२०)
बारीक सोनेरी बुट्टी आहे, दिशा नाही, तेवढं बरं. आता ११ बॉक्सचं सांगा ना कुणीतरी. वेगळा कागद आणला तर पाहुण्यांत दोन तऱ्हा दिसतील, कुणाला वाटायला नको की आपल्याला वेगळं दिलं.

टाचणी (सकाळी १०.३३)
निशिगंध, तुझ्याकडे प्रत्येक तावाची ६ सेमीची पट्टी उरलीय म्हणालीस ना, ५० लांब? टाकल्या नाहीस ना?
बॉक्सचं पोट ४४ आहे. ५० ची पट्टी पोटाभोवती पूर्ण फिरून वर सहा सेमी चढते. ११ बॉक्स साध्या खाकी कागदात गुंडाळ आणि मधोमध ही सोनेरी पट्टी बांध, साडीच्या काठासारखी. पट्ट्या १७ आहेत, तुला ११ लागतील.

खाकीकव्हर (सकाळी १०.३६)
अप्रतिम सुचवलंत. खाकी रोल ५० पन्ह्याचा असेल तर ४६ आडवं बसेल, प्रत्येकी ३२, म्हणजे ११ × ३२ = साडेतीन मीटरच्या वर थोडं. चार मीटर घ्या.

चाफेकळी (सकाळी १०.४१)
आणि दोन तऱ्हा दिसू नयेत तर खाकीतल्या ११ बॉक्सचा वेगळा ढीग लावू नका, सगळे मिसळून ठेवा. किंवा घरच्या जवळच्यांना खाकीतले द्या, काका-आत्या-मावश्यांना, म्हणजे तेच खास वाटतील.

निशिगंध (रविवार, रात्री १०.५०)
कार्यक्रम छान झाला. सासूबाईंना एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, त्या शेवटपर्यंत ताठ बसल्या होत्या.

बॉक्सचं सांगते. खाकी रोल घरातच निघाला, वह्यांच्या कव्हरांचा. पट्ट्या जाऊबाईंनी गुंडाळून रबर लावून ठेवल्या होत्या, शिवणकाम करणारी बाई चिंधी टाकत नाही. पट्टी पोटाभोवती घेतली, जोड खालच्या बाजूला आणला, टेप दिसलीच नाही. चाफेकळीच्या सांगण्यावरून ते ११ घरच्या माणसांना दिले. आत्याबाईंनी बॉक्स हातात घेतला, पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हा इरकलीचा काठ कुठून आणलास गं.

सासूबाईंनी त्यांचा बॉक्स अजून उघडलेला नाही, कागद फाटेल म्हणून.